स्वयंपाकघराचा माल घरात पडून राहतो तेव्हा: फुगलेल्या कडा, वाकलेली दारे आणि अडणाऱ्या ट्रॉल्या

नवे मॉड्युलर स्वयंपाकघर बसवून कारागीर निघून जातात आणि महिन्याच्या आत कपाटाची कड बोटाला फुगीर लागू लागते, शेजारच्या दोन दारांमधली फट वर चार मिलिमीटर आणि खाली दोन मिलिमीटर दिसते, चमच्यांची ट्रॉली ओढताना मध्येच खरखरते. ही तक्रार नागपुरातल्या नातेवाइकांच्या आणि परिचितांच्या इतक्या घरांत ऐकली आहे की आता मी बोर्ड कोणत्या कंपनीचा, हे आधी विचारत नाही. माल घरी कोणत्या तारखेला आला आणि बसवायला कधी सुरुवात झाली, एवढेच विचारतो. बहुतेक वेळा या दोन तारखांमध्ये पाच ते आठ आठवड्यांचे अंतर निघते, आणि तेवढे दिवस त्या पेट्या कुठे व कशा ठेवल्या होत्या, याचे उत्तर घरातल्या कोणालाच नीट आठवत नाही.

घरमालक अशा वेळी बोर्डाला दोष देतो, विक्रेता घरातल्या पाण्याच्या वापराला आणि बसवणारा कारागीर विक्रेत्याला. वाद घालण्यापूर्वी दोष नेमका कोणत्या जागी आहे हे पाहिले, तर त्याचे कारण पुष्कळदा तिथेच सापडते.

लक्षणावरून कारणाकडे

फुगलेली कड फक्त सिंकखालच्या कपाटात असेल, तर साठवणुकीचा विषय तिथेच सोडून द्यावा. वेस्ट पाइपचा सांधा गळत आहे किंवा सिंकच्या कडेचे सिलिकॉन सुटले आहे आणि गरज प्लंबरची आहे. मात्र सिंकपासून सहा-सात फूट लांब असलेल्या कपाटांच्याही बाजूच्या पॅनेलची एकच कड फुगलेली असेल, तर त्या पेट्या ओल्या फरशीवर उभ्या ठेवल्या होत्या असे खुशाल समजावे. फुगवटा सगळीकडे थोडा थोडा, विशेषतः बिजागरीसाठी पाडलेल्या खोलगट भोकांभोवती आणि एज बँड (कडेला चिकटवायची पट्टी) न लावलेल्या मागच्या कडांना असेल, तर ओल हवेतून आलेली आहे. जाडी अचूक मोजायचा व्हर्निअर कॅलिपर मिळाला तर एका पॅनेलच्या चारही कडा मोजाव्यात. १८ मि.मी.च्या पॅनेलची एक कड १९ मि.मी.च्या पुढे गेली असेल, तर तो नजरेचा भास राहत नाही आणि विक्रेत्याशी बोलताना हातात आकडा असतो.

दारांच्या वाकण्यातही असाच फरक करता येतो. सगळी दारे एकाच दिशेने, मधोमध पोट काढल्यासारखी वाकली असतील, तर ती भिंतीला तिरकी टेकवून ठेवलेली होती. कोणी इकडे, कोणी तिकडे असे वाकले असेल, तर गठ्ठ्यातल्या काही दारांच्या एका बाजूला कोरडी आणि दुसऱ्या बाजूला दमट हवा लागली होती. दोन विरुद्ध कोपऱ्यांमध्ये दोरा ताणून मधले अंतर पट्टीने मोजले की वाक किती आहे ते कळते.

खरखरणारी ट्रॉली म्हणजे जवळजवळ नेहमी पुट्टीची धूळ. भिंत घासताना उडणारी ती पांढरी पूड कार्टनच्या फटींतून आत शिरते आणि चॅनेलच्या, म्हणजे ट्रॉली ज्यांवर सरकते त्या पट्ट्यांच्या, ग्रीसमध्ये मिसळून लुकणासारखी बसते. ॲक्रिलिकच्या दारांवरचा प्लास्टिकचा पापुद्रा सोलताना चिकट थर मागे राहत असेल, तर ती दारे उन्हात किंवा तापलेल्या टिनाच्या शेडखाली राहिलेली आहेत. आणि शेवटचे कपाट भिंतीत बसतच नसेल, तर त्याचा साठवणुकीशी संबंध नाही, पण मूळ तेच आहे: घाई. माप विटांच्या उघड्या भिंतीवर किंवा जुन्या टाइल्स काढण्याआधी घेतलेले असते. एका भिंतीवर प्लॅस्टरची दुरुस्ती, टाइल चिकटवण्याचा थर आणि टाइल मिळून सहज २० ते २५ मि.मी. वाढतात, दोन समोरासमोरच्या भिंतींवर मिळून ४० ते ५०. दहा फुटांचे, म्हणजे ३०४८ मि.मी.चे माप टाइल्स लागल्यावर ३००० च्या आसपास येते आणि कारखान्यातून आलेले कपाट तेवढे नम्र नसते. म्हणून अंतिम माप टाइल्स लागल्यानंतरच घ्यायला लावावे, मग विक्रेता कितीही अनुभवी असो.

'वॉटरप्रूफ' या शब्दाबद्दल

हा शब्द दुकानात फार सढळ हाताने वापरला जातो. आयएस ३०३ या भारतीय मानकात ओल सहन करणारे आणि उकळते पाणी सहन करणारे अशा दोन प्रतींचे प्लायवूड येते. आयएस ७१० हे मरीन प्लायवूडचे मानक आहे आणि त्यात ७२ तास उकळत्या पाण्याची परीक्षा असते. ही परीक्षा थर जोडणाऱ्या गोंदाची आहे. थर सुटणार नाहीत याचा अर्थ लाकूड ओल शोषणारच नाही, असा होत नाही. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड यांची गत आणखी वेगळी: दाबून घट्ट केलेले तंतू किंवा भुसा पाणी पिऊन एकदा सैल झाला की वाळल्यावरही पूर्वीच्या जाडीला परत येत नाही. एचडीएचएमआर, म्हणजे जास्त घनतेचा आणि ओलीला टिकेल असा बनवलेला बोर्ड, बऱ्यापैकी तग धरतो, पण त्याचीही कापलेली उघडी कड ही दुबळी जागाच असते. घरात पडून असलेल्या मालात अशा उघड्या कडा आणि भोके भरपूर असतात, कारण पॅनेल अजून जोडलेले नसतात. बसवल्यानंतर ज्या जागा झाकल्या जातात, त्या या काळात उघड्या असतात.

आमच्या घरचा कूलर

नागपूरच्या हवेला दोन टोके आहेत. मे महिन्याच्या दुपारी सापेक्ष आर्द्रता २० ते २५ टक्क्यांपर्यंत उतरते आणि ऑगस्टमध्ये ती ८० च्या वर जाते. साधे लाकूड पहिल्या हवेत आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण ५ टक्के पाणी धरून असते, तर दुसऱ्या हवेत साधारण १६ टक्के. म्हणून माल उन्हाळ्यात मागवला की निश्चिंत राहता येते, असा सर्वसाधारण समज आहे आणि माझाही तोच होता.

मनीषनगरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी स्वयंपाकघराचा सगळा माल एप्रिलच्या शेवटी आला. टाइल्सचे काम रेंगाळलेले होते, म्हणून पेट्या मागच्या खोलीत, लाकडी पट्ट्यांवर, भिंतीपासून हातभर लांब अशा अगदी पुस्तकी पद्धतीने ठेवल्या. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्या उघडल्या तेव्हा सात पॅनेलच्या कडा फुगलेल्या निघाल्या. पाऊस अजून आलेला नव्हता, छत कोरडे होते, जवळपास नळही नव्हता. विक्रेत्याने हात वर केले आणि मी बोर्डाच्या नावाने बोटे मोडली.

कारण लक्षात यायला पुढचा उन्हाळा उजाडावा लागला. त्या मागच्या खोलीच्या खिडकीत आमचा डेझर्ट कूलर बसवलेला होता आणि आई दुपारभर त्याच खोलीत झोपत असे. कूलरची ८० लिटरची टाकी मे महिन्यात दिवसातून एकदा तरी भरावी लागते. ते पाणी गळून जात नाही, ताट्यांमधून वाफ होऊन खोलीच्या हवेत जाते. दार बंद आणि हवा बाहेर जायला वाट नसेल, तर बाहेर विदर्भाचा उन्हाळा आणि आत कोकणातला श्रावण, अशी स्थिती होते. आम्ही पेट्या महिनाभराहून अधिक काळ त्या हवेत, तेही कूलरच्या थेट झोतात ठेवल्या होत्या. ज्या सात पॅनेलच्या कडा फुगल्या, ते सगळे खिडकीकडच्या गठ्ठ्यातले होते, हे फोटो पुन्हा पाहिल्यावर कळले. विक्रेत्याला केलेला शेवटचा फोन त्यानंतर मला बराच टोचला.

तेव्हापासून माल असलेल्या खोलीत कूलर लावू नये आणि शेजारच्या खोलीत लावला तर मधले दार बंद ठेवावे, हा नियम मी सर्वांना आधी सांगतो. एसी असलेली खोली चालते, कारण तो हवेतली ओल काढून घेतो. काही शे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक त्या खोलीत टांगून ठेवावा आणि आकडा ६० च्या वर दिवसेंदिवस राहू लागला, तर पेट्यांची जागा बदलावी.

माल लवकर का येतो

खरे पाहता पेट्या सांभाळण्याची वेळच येऊ नये. ती येते, कारण मालाची तारीख घराच्या तयारीवरून ठरत नाही, सणावरून किंवा हप्त्यावरून ठरते.

विदर्भात ज्या घरी महालक्ष्म्या बसतात, त्या घराला ही ओढाताण वेगळी समजावून सांगायला नको. सोळा भाज्या, पुरणाच्या पोळ्या, आंबील आणि दिवसभर उठणाऱ्या पंगती, यासाठी नवे स्वयंपाकघर भाद्रपदाच्या आत हवे असते. मग विक्रेत्याला तारीख दिली जाते, माल भर पावसाळ्यात येऊन पडतो आणि गवंड्याचे काम, जे कधीच तारखेला संपत नाही, ते मात्र सुरूच असते. नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या भावाच्या घरी असेच झाले. पेट्या तळमजल्यावर, जुन्या शहाबादी फरशीवर ठेवल्या होत्या आणि खाली फक्त वर्तमानपत्रे अंथरली होती. वर्तमानपत्र फरशीची ओल अडवत नाही, उलट धरून ठेवते. दहा दिवसांत तळच्या दोन पेट्यांचे खोके हाताने फाटू लागले. त्यावर्षी महालक्ष्म्यांचा स्वयंपाक मागच्या अंगणात झाला आणि तो उत्तमच झाला; सणासाठी स्वयंपाकघर अडून राहत नाही, हे घरातल्या सासूबाईंना ठाऊक होते, आम्हालाच ठाऊक नव्हते.

हप्त्यांची गोष्ट जास्त रुक्ष, पण जास्त महत्त्वाची आहे. सामान्यतः ऑर्डर देताना निम्म्याच्या आसपास रक्कम घेतली जाते, मोठा दुसरा हप्ता माल कारखान्यातून निघण्याआधी आणि उरलेली थोडी रक्कम बसवून झाल्यावर. दुसरा हप्ता माल पाठवण्याशी बांधलेला असल्यामुळे 'माल तयार आहे, उद्या गाडी भरतो' असा फोन महिनाअखेरीस येतो आणि त्या फोनवर बहुतेक जण होकार देतात. होकार देण्यापूर्वी थांबावे. ऑर्डर देतानाच असे लिहून घ्यावे की माल तयार झाल्याचे कळवल्यानंतर तो निदान ३० दिवस विक्रेत्याच्या गोदामात विनाशुल्क राहील आणि घरमालकाच्या लेखी सूचनेनंतरच निघेल. त्यासाठी दुसऱ्या हप्त्यातला काही भाग आधी द्यावा लागला तरी चालेल, असे माझे मत आहे. कारखान्याच्या कोरड्या गोदामाची जागा आपल्या मागच्या खोलीपेक्षा केव्हाही चांगली असते आणि तिथे झालेल्या नुकसानीची जबाबदारी कोणाची, याबद्दल वाद उरत नाही.

गाडी बोलावण्याआधी घर तयार आहे का

तयारीची माझी कसोटी साधी आहे: या घरात आता पाणी वापरणारे आणि धूळ उडवणारे एकही काम शिल्लक नाही. तोडफोड, विजेच्या झिऱ्या, नळाच्या लाइनी आणि त्यांची दाब देऊन केलेली तपासणी, प्लॅस्टर, टाइल्स, ग्राउट, फॉल्स सीलिंग, पुट्टी आणि तिची घासाई, रंगाचा पहिला हात, एवढे सगळे मागे पडलेले असावे. खिडक्यांना काचा बसलेल्या असाव्यात, कारण जाळीच्या खिडकीतून पहिल्याच वळवाचा पाऊस आडवा आत येतो. शेजारच्या न्हाणीघरात वॉटरप्रूफिंगची चाचणी म्हणून पाणी साठवून ठेवायचे राहिले असेल, तर तेही आधी उरकावे. ती चाचणी नापास झाली की पाणी नेमके पलीकडच्या खोलीत उतरते.

नव्या प्लॅस्टरवर किमान सात दिवस पाणी मारले जाते, हे सगळ्यांना माहीत असते. ते पाणी पुन्हा बाहेर निघायला कित्येक आठवडे लागतात, हे मात्र विसरले जाते. भिंत वरून पांढरी आणि हाताला कोरडी लागली तरी आत ओल असते. यासाठी एक जुनी चाचणी आहे: सुमारे दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा फरशीवर किंवा भिंतीवर चारही कडांना टेप लावून घट्ट चिकटवावा आणि निदान १६ तास, शक्यतो पूर्ण एक दिवस तसाच ठेवावा. काढताना आतून दव दिसले किंवा त्याखालचा भाग गडद झालेला दिसला, तर अजून थांबायचे. ओट्यामागची भिंत आणि उंच कपाट जिथे उभे राहणार तो कोपरा, या दोन जागी ही चाचणी जरूर करावी, कारण कपाट लागल्यावर तिथे वारा पोहोचत नाही.

मालाचा क्रम

सगळा माल एका गाडीत बोलावण्याचा हट्ट भाड्याच्या दृष्टीने बरोबर असतो, पण जागेच्या दृष्टीने नाही. कपाटांचे सांगाडे आणि चॅनेल-बिजागऱ्या आधी, ग्रॅनाइट त्यानंतर आणि दारे, हँडल, काचेची शटर शेवटी आली, तर प्रत्येक वस्तू घरात कमीत कमी दिवस पडून राहते. स्थानिक कारखान्याकडून ऑर्डर असेल तर हे सहज जमते. माल पुण्याहून किंवा बंगळूरहून येत असेल, तर निदान दारे वेगळ्या पेट्यांत बांधायला सांगावीत.

शेगडी, चिमणी आणि सिंक यांच्याबाबत एक पेच आहे. ग्रॅनाइट कापणाऱ्याला शेगडीचे आणि सिंकचे नेमके माप हवे असते, म्हणून लोक या वस्तू दोन-तीन महिने आधी, बहुधा दिवाळीच्या सवलतीत, घेऊन ठेवतात. उपकरणांची हमी सहसा बिलाच्या तारखेपासून मोजली जाते. वर्षाच्या हमीतले तीन महिने खोक्यात गेले आणि चिमणीची मोटर सदोष निघाली, तर भांडायला नऊच महिने उरतात. यावर उपाय असा की मॉडेल ठरवून, कापायच्या छिद्राचे माप असलेला कागद विक्रेत्याकडून घ्यावा आणि तो ग्रॅनाइटवाल्याला द्यावा. सिंक मात्र प्रत्यक्ष त्याच्या दुकानी पाठवावे, कारण सिंकच्या कडांची गोलाई कागदावर नीट कळत नाही.

बिल्टी, हमाली आणि जिना

परगावचा माल अनेकदा नागपूरजवळच्या वाडीच्या किंवा आसपासच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात उतरतो. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, 'गोडाऊन डिलिव्हरी' लिहिले असेल, तर तिथून घरापर्यंतची गाडी आणि हमाली आपली, आणि ठरलेल्या दिवसांत माल उचलला नाही तर रोजचे डॅमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचा आकार, सुरू होते. डॅमरेज वाचवण्यासाठी अर्धवट घरात माल आणून टाकणे हा या समस्येचा नेहमीचा उगम आहे. चार दिवसांचे डॅमरेज भरावे, ते बदलून घ्याव्या लागणाऱ्या दोन दारांपेक्षा स्वस्त पडते. मोठ्या ट्रकला दिवसा शहरात येण्यावर निर्बंध असतात, त्यामुळे वेळ ट्रान्सपोर्टवाल्याशी आधी बोलून घ्यावी; महाल-इतवारीच्या बोळांत तर शेवटचा टप्पा छोटा हत्ती किंवा हातठेला यांवरच होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या मिरवणुकीला, त्या भागात माल बोलावू नये, हे सांगायला नको, पण माझ्या भावाने बोलावला होता.

इमारतीत लिफ्ट आहे म्हणून निर्धास्त राहू नये. आठ माणसांच्या लिफ्टची क्षमता ५४४ किलो असते, म्हणजे वजनाची चिंता नाही. चिंता लांबीची आहे. १८ मि.मी. जाडीचे ग्रॅनाइट एका चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरते. आठ फूट बाय दोन फुटांचा एक तुकडा ७० किलोंच्या पुढे जातो, लिफ्टमध्ये उभा मावत नाही आणि चार माणसांनी जिन्यावरून, कडेवर उभा धरूनच न्यावा लागतो. आडवा धरला तर सिंकच्या छिद्राजवळ, जिथे दगड अरुंद असतो, तिथेच तडकतो.

उंच कपाटाचे एक गणित फार कमी जण करतात. खोलीची उंची २७०० मि.मी. आणि कपाटाची २६५० मि.मी. असेल तर ते बसेल, असे वाटते. पण कपाटाची बाजू ५८० मि.मी. रुंद असल्यामुळे तिचा कर्ण २७१० च्या पुढे जातो आणि आडवे आणलेले कपाट छताला अडते, उभे राहतच नाही. असे कपाट दोन भागांत बनवून घ्यावे किंवा जागेवर उभे करूनच जोडावे.

माल उतरताना पेट्या मोजाव्यात, प्रत्येक पेटीच्या चारही कोपऱ्यांचे फोटो घ्यावेत आणि चलानवर सही करताना 'पेट्या मोजल्या, आतील माल तपासलेला नाही' असे स्वतःच्या अक्षरात लिहावे. ड्रायव्हर कुरकुर करतो, पण लिहू देतो. त्यानंतर दोन दिवसांच्या आत पॅकिंग लिस्टप्रमाणे माल तपासून उणीव लेखी कळवावी. आठ आठवड्यांनी सापडलेल्या उणिवेला विक्रेता उणीव मानत नाही, आणि त्यालाही एका परीने दोष देता येत नाही. लेखी तक्रारीला दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

तरीही माल घरात ठेवावाच लागला तर

खोली निवडताना बाहेरची पावसाळी भिंत, न्हाणीघराची भिंत आणि गच्चीखालचे तापलेले छत या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. तात्पुरती शेगडी आणि सिलिंडर ज्या खोलीत मांडले आहेत, तिथे पेट्या मुळीच नकोत. वाफेचा त्रास तर आहेच, पण पुठ्ठ्याचा ढीग सिलिंडरपाशी असणे सरळ धोक्याचे आहे. फरशीवर आधी जाड प्लास्टिक, त्यावर एकाच जाडीच्या लाकडी पट्ट्या दीड-दोन फुटांच्या अंतराने, आणि त्यावर पॅनेल पूर्ण आडवे, अशी रचना करावी. पट्ट्या एका पातळीत नसतील तर आडवे ठेवूनही पॅनेल वाकतो. दारे आडवीच, समोरासमोर तोंड करून आणि मध्ये फोम घालून ठेवावीत. काचेची शटर आणि ग्रॅनाइट मात्र उभे, कडेवर. ढिगावर सुती चादर किंवा पुठ्ठा घालावा. बरेच जण प्लास्टिकने सगळे गच्च गुंडाळतात आणि ओल आतच कोंडून घेतात.

चॅनेल, बिजागऱ्या, स्क्रू आणि हँडल यांची पेटी या ढिगात ठेवू नये. ती टेप लावून घरातल्या कपाटात, कुलपात ठेवावी. धुळीपासून आणि कारागिरांच्या वर्दळीपासून तिला वाचवण्याचा हा एकच मार्ग मला सापडला आहे. सिलिकॉनच्या नळ्या आणि गोंद बाल्कनीत किंवा गाडीच्या डिकीत मे महिन्यात ठेवू नयेत. एज बँड ज्या गोंदाने चिकटवतात, तो साधा प्रकारचा असेल तर तापलेल्या टिनाखाली मऊ पडतो आणि पट्टी टोकाला सुटते. आठवड्यातून एकदा ढिगाच्या तळाशी टॉर्च मारून वाळवीची माती किंवा उंदराने कुरतडलेला पुठ्ठा दिसतो का, ते पाहावे.

नुकसान झालेच असेल तर

प्लायवूडचा हलका वाक बऱ्याचदा परत येतो. असे दार उन्हात टाकू नये. कोरड्या खोलीत, दोन्ही बाजूंना हवा लागेल अशा रीतीने पट्ट्यांवर आडवे ठेवून आठ-दहा दिवस पंखा सुरू ठेवावा. लावल्यानंतर दोन-तीन मिलिमीटरचा फरक बिजागरीच्या स्क्रूंनी दुरुस्त होतो: एक स्क्रू दार डावी-उजवीकडे सरकवतो, एक आत-बाहेर आणि एक वर-खाली. आधी वर-खाली, मग डावे-उजवे आणि शेवटी आत-बाहेर, या क्रमाने फिरवावे, नाहीतर एका दाराची फट नीट करताना शेजारची बिघडते. उंच दारांसाठी मागच्या बाजूला बसवायची सरळ करणारी सळईही मिळते. याहून जास्त वाक असेल, तर दार बदलावे.

फुगलेली एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डाची कड घासून सारखी करण्याचा मोह टाळावा. घासल्यावर उघडा पडलेला भाग आणखी ओल पितो. असा पॅनेल बदलून घ्यावा, आणि बदलणे शक्यच नसेल, तर तो कोरडा झाल्यावर कड कापून पुन्हा एज बँड लावून, सिंकपासून दूरच्या कपाटात वापरावा. खरखरणाऱ्या चॅनेलमध्ये तेल टाकू नये, धूळ त्यातच चिकटते. ट्रॉली बाहेर काढून ब्रशने आणि कोरड्या कापडाने चॅनेल पुसावे, आणि तरीही आवाज राहिला तर चॅनेलची जोडी बदलावी. ॲक्रिलिकवर उरलेला चिकटपणा कोमट साबणपाण्याने, मऊ कापडाने हळूहळू निघतो. रंगाऱ्याचा थिनर त्यावर लावला की पृष्ठभाग कायमचा धुरकट होतो.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी एक गोष्ट ऑर्डरमध्ये लिहून घ्यावी: पहिला पावसाळा संपल्यावर, साधारण दसऱ्याच्या सुमारास, कारागिराची एक मोफत फेरी. उन्हाळ्यात जुळवलेली दारे सप्टेंबरपर्यंत थोडी हलतातच, आणि त्या फेरीत सगळ्या बिजागऱ्या पुन्हा जुळवायला त्याला फार तर तासभर लागतो.